तिचं वय काढू नका!

निदान करण्याची एक फार सोपी पद्धत आपल्याकडे आहे. ‘वय झालं आता’ म्हणायचं, मान हलवायची आणि चहा मागवायचा. डॉक्टराला निदान शिकायला साडेपाच वर्षं घालवावी लागतात, मिस्त्रीला निम्मं आयुष्य ग्रीसमध्ये हात बुडवावे लागतात. हे निदान मात्र कुणालाही, बसल्या जागी, बिनभांडवली करता येतं. शिवाय ते कधी खोटं ठरत नाही, कारण वय सगळ्यांचंच होत असतं. आणि जे विधान कधीच खोटं ठरू शकत नाही, ते बहुधा बिनकामाचं असतं, एवढं वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाही कळतं.

या तीन शब्दांविरुद्ध माझी फिर्याद आहे. त्यांनी गांजलेली माणसं पुष्कळ आहेत. पण आज मी वकीलपत्र घेतलंय ते एका डीझेल गाडीचं.

गाडी २०१२ सालची. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनी मला जाहिरातीचे पैसे देणार नाही आणि मी तिची फुकट करणार नाही. २०१७ साली एका औषध कंपनीच्या फिरत्या प्रतिनिधीकडून मी ती घेतली, तेव्हा काट्यावर १,४०,००० किलोमीटर होते. त्यानंतर सकाळी सातारा ते वाई, संध्याकाळी वाई ते सातारा, रविवार आणि बँकेच्या सुट्ट्या वजा जाता, ती बिचारी नेमानं पळते आहे. आज आकडा २,९६,००० च्या पुढे गेला आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे ही बाई जिल्ह्याबाहेर फारशी न जाता सात पृथ्वीप्रदक्षिणा करून बसली आहे. गणपतीनं एकच केली होती, तीही आईवडिलांभोवती.

एवढं पळाल्यावर गाडी कधी तरी वेगळं वागणारच. वेगळं वागली की तिच्याभोवती तज्ज्ञ जमतात, जसे लग्नघरी आचाऱ्याभोवती काका जमतात. आमचे कॅशियर म्हणाले, ‘‘डीझेल ना? दोन लाखांनंतर काही राम नाही.’’ मेहुणे म्हणाले, ‘‘काढून टाका.’’ मेहुणे कोणत्याही प्रश्नावर ‘काढून टाका’च म्हणतात, त्यांनी दात, शेअर आणि भाडेकरू याच एका सूत्रावर काढले आहेत. गाडीला काय होतंय, कधी होतंय, हे मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच : ‘‘किती साली घेतली?’’

आता मी बँकेत काम करतो. संध्याकाळी कॅश मोजताना शंभर रुपये कमी भरले, तर आमच्या शाखेत कुणी असं म्हणत नाही, की ‘शाखा जुनी आहे हो, गळायचेच थोडेफार!’ व्हाउचरं उलगडली जातात, बंडलं पुन्हा मोजली जातात, सातचे आठ वाजतात, घरचे फोन येतात. पण फरक सापडेपर्यंत कुणी हलत नाही. अगदीच नाही सापडला तर ती रक्कम सस्पेन्स खात्याला टाकतात, पण तेही खातं एक दिवस साफ करून दाखवावं लागतं. आपल्या गॅरेजांतून मात्र सस्पेन्स खातं हे एकच खातं चालू असतं. त्याचं नाव ‘वय’. कारण सापडलं नाही की टाका वयाच्या नावे!

मुळात डीझेल इंजिन हा फार गूढ प्राणी नाही. त्याच्यात ठिणगीच नसते. रुडॉल्फ डीझेल नावाच्या जर्मन इंजिनियरानं असं डोकं चालवलं, की हवा जर भरपूर दाबली तर ती इतकी तापेल, की तिच्यात फवारलेलं इंधन आपोआप पेट घेईल. १८९७ साली आउग्सबुर्ग इथं त्याचं इंजिन यशस्वीपणे चाललं. (पुढे १९१३ साली हा गृहस्थ इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला, बहुधा जगातल्या मेहुण्यांचा अंदाज त्याला आला असावा.) म्हणजे डीझेल इंजिनाची खाती मुख्यतः तीन : हवा, इंधन आणि दाब. गाडी विचित्र वागते म्हणजे या तिन्हींपैकी कुठल्या तरी खात्यात फरक पडतो. फरक म्हटला की तो शोधता येतो. त्याला जन्मपत्रिका लागत नाही.

आणि शोधायला गाडी मदतही करते. तिला तोंड नाही, पण धुराडं आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी : फिल्टर तुंबला असेल, हवेचा पाइप फाटला असेल, नोजल नीट फवारत नसेल. निळा धूर म्हणजे इंजिनाचं ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीच्या सकाळी मिनिटभर आला तर ते न जळलेलं डीझेल; पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि कुलंटची पातळी उतरत असेल, तर हेड गॅस्केटकडे बघा. इतकी साधी तीन रंगांची भाषा! आपण रेल्वेचा सिग्नल वाचतो, नवऱ्याचा किंवा बायकोचा चेहरा वाचतो. धूर दिसला की मात्र काच वर करतो.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. सपाटीवर गाडी लोण्यासारखी चाले आणि पसरणीचा घाट लागला की दम टाकी. मागे काळा धूर. एका चकचकीत वर्कशॉपमध्ये, जिथं मिस्त्रीच्या आधी एसीची हवा भेटते, तिथं मला सांगण्यात आलं, ‘‘सर, टर्बो गेला. एवढ्या रनिंगला जातोच.’’ एस्टिमेट ४२,००० रुपये. गाडी चालवून बघितली का, म्हटलं. तर त्याची गरज नव्हती. त्यांनी काटा बघितला होता.

निदान केलं ते आमच्या सौ.नं. घाटातल्या दुसऱ्या वळणावर ती म्हणाली, ‘‘अहो, कुकरची रिंग गेली की अशी सूंऽऽ करून वाफ जाते. शिट्टीच होत नाही मग.’’ झालं! टर्बो म्हणजे दुसरं काय? धुराच्या जोरावर फिरणारी पंखी, जी इंजिनात जादा हवा कोंबते. ती हवा ज्या रबरी पाइपातून जाते तो फाटला, तर हवा बाहेर, इंधन मात्र ठरल्याप्रमाणे आत. म्हणून काळा धूर, म्हणून चढावर दम, म्हणून ‘सूं’. पोवई नाक्याजवळच्या एका साध्या मिस्त्रीनं पाइप हातानं चाचपला, खालच्या बाजूची बोटभर चीर दाखवली. पाइप, दोन क्लिपा आणि मजुरी मिळून ३,००० च्या आत काम झालं. त्या चकचकीत वर्कशॉपला टर्बो बदलतानाही तो पाइप काढावाच लागला असता, नवा बसवला असता, गाडी पळाली असती, आणि मी आयुष्यभर सांगत फिरलो असतो, की काय अचूक निदान केलं हो! अंदाजानं पार्ट बदलणारांची कीर्ती अशीच वाढते.

दुसरा विकार याहून नाटकी होता. सकाळी थंडगार इंजिन एका सेल्फमध्ये सुरू. पण पाचवडला चहाला दहा मिनिटं थांबलो, की पुन्हा सुरू होताना सेल्फ मारून मारून हात दुखावा. बॅटरी बदला, म्हणाले कुणी. पण सेल्फ तर दणदणीत फिरत होता. हीटर प्लग बदला, म्हणाला दुसरा. हीटर प्लगचं मुख्य काम थंड इंजिनाला ऊब देण्याचं. माझी गाडी तर गरम झाल्यावरच रुसत होती. तापलेल्या माणसाला गोधडी कशाला? तिसऱ्यानं थेट डीझेल पंपाचं कोटेशन दिलं : ५४,०००. कारण? आपलं ठरलेलं. एवढ्या रनिंगला जातोच.

मी कारकून आहे. मला कुणी आकडा तोंडावर मारला की मी वही काढतो. महिनाभर मी लिहून ठेवलं : तारीख, वेळ, इंजिन थंड की गरम, किती वेळ उभी होती, टाकीत डीझेल किती, सेल्फ किती मारावा लागला. ऑफिसातले हसले. पण महिनाअखेरीस वही स्पष्ट बोलत होती : थंड असताना तक्रारी शून्य, गरम असताना तेवीस. टाकीचा संबंध नाही, पावसाचा नाही, अमावास्येचाही नाही. ती वही घेऊन मी एमआयडीसीतल्या एका पंप-नोजलवाल्याकडे गेलो. त्यानं ती वाचली, हो, वाचली, आणि चार नोजलांच्या परतीच्या नळ्यांना चार छोट्या बाटल्या लावल्या. दवाखान्यात सलाइन लावतात तशा. सेल्फ मारला. तीन बाटल्यांत तळ ओला होतो न होतो तोच तिसऱ्या नंबरची बाटली भरायला लागली.

हिशेब असा, की या जातीच्या इंजिनात पंप एका सामायिक नळीत डीझेल प्रचंड दाबानं साठवतो. चाकातल्या हवेचा दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो, इथं जोरात पळताना तो हजार बारच्याही पुढे जातो. सुरू होतानाही एक ठराविक दाब उभा राहावाच लागतो. नाही तर संगणक नोजल उघडतच नाही. झिजलेल्या नोजलमधून डीझेल परतीच्या वाटेनं गळतं. गरम डीझेल पातळ, म्हणून जास्त गळतं. आणि सेल्फवर इंजिन सावकाश फिरतं, म्हणून पंपाची जमा कमी. जमा कमी, उचल जास्त, शिल्लक उभीच राहत नाही. हे पासबुक तर मी रोज बघतो! एक नोजल दुरुस्त झालं. खर्च पंपाच्या कोटेशनच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. पंप आजही तोच आहे, आणि त्याचं वय, कळवायला आनंद होतो, गाडीइतकंच आहे.

अलीकडे वयाच्या जोडीला दुसरा एक देव आला आहे : स्कॅनर. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की पोरगा मशिन जोडतो, त्यावर एक कोड उमटतो आणि तो कोड पुराणिकाच्या थाटात वाचून दाखवला जातो. पण ‘नळीतला दाब कमी’ असा कोड आला म्हणजे ‘पंप बदला’ असा त्याचा अर्थ नव्हे. दाब कमी असायला पंप, नोजल, तुंबलेला फिल्टर, त्यात साठलेलं पाणी, खुद्द दाब मोजणारा सेन्सर, कुणीही कारण असू शकेल. कोड तक्रार कुठल्या खिडकीवर आली ते सांगतो. दोष कुणाचा ते नाही. आमच्याकडे खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ असं दिसलं की ग्राहक माझ्याकडे बघतो. त्यातलाच हा प्रकार.

‘एवढं कोण बघत बसतं?’ असं विचारणारे सुज्ञ वाचक आता पान उलटायच्या बेतात असतील. थांबा. न बघण्याचे धोके दोन्हीकडून आहेत. कधी कधी विचित्र दिसतं तेच निरोगी असतं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आली. त्या बहुतेक डीझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती मधूनमधून साठलेली काजळी स्वतःच जाळते. तेव्हा उभ्या गाडीचं इंजिन जरा जास्त फिरतं, पंखा घोंघावतो, करपट वास येतो, ॲव्हरेज पडतं. मालक घाबरून गाडी बंद करतो. म्हणजे मोरी घासायला घेतलेल्या बाईला मध्येच घरी पाठवतो. असं रोज झालं की गाळणी तुंबते, आणि न जळलेलं डीझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं.

उलट, दिसायला शुभ तेच कधी घातक असतं. दांडी काढून बघावं तर ऑइलची पातळी वाढलेली! मालक खूश : खात नाही, उलट देतेय. अहो, खात्यात अनोळखी रक्कम जमा झाली तर बँकवाल्याला नावे रकमेपेक्षा जास्त घाम फुटतो. ऑइल आपण होऊन वाढत नाही. त्यात डीझेल किंवा कुलंट शिरलेलं असतं. आणि सर्वांत भयंकर वागणं म्हणजे किल्ली काढली तरी इंजिन चालूच, तेही वाढत्या वेगानं. टर्बोच्या सीलमधून गळणारं स्वतःचंच ऑइल ते पिऊ लागलेलं असतं. तेव्हा किल्लीचा उपयोग नसतो. गिअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून तिला कोंडून बंद पाडावं लागतं, आणि ते जमत नसेल तर लोकांसह लांब व्हावं लागतं. त्याआधी पुष्कळ दिवस ती निळ्या धुरातून सांगत असू शकते. ऐकणारे म्हणत असतात, वय झालं.

हे निदान गाडीपुरतं राहत नाही हीच खरी तक्रार. आमच्या आईच्या हातापायांना मुंग्या यायला लागल्या, नावं आठवेनाशी झाली. मामा, मावशी आणि समोरचे काका यांनी एकमतानं तीन शब्दांचा निकाल दिला. डॉक्टरीणबाईंनीही वय विचारलं, पण ते कागदावर लिहून पुढचे प्रश्न विचारले आणि रक्त तपासायला पाठवलं. बी-१२ जीवनसत्त्व पार तळाला गेलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांनी आईनं मामाला १९७९ सालच्या त्याच्या उधारीची रकमेसकट आठवण करून दिली. मामा अजूनही म्हणतो, तिला बरं करायची घाई झाली.

आता सरकारचं बघा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डीझेल गाड्यांना बंदी केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये न्यायालयानं नुसत्या वयावरून सक्तीची कारवाई नको म्हटलं. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. म्हणजे दहा वर्षांत गाडी जन्मतारखेवरून निदान धुराच्या इयत्तेपर्यंत आली. आणखी एक पायरी राहिली : इयत्ता सोडा, प्रत्यक्ष धूर मोजा.

मी जुन्या धुराची वकिली करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ सालीच डीझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला आहे. माझ्या गाडीमागे स्कूटरवर, बापाच्या पुढ्यात उभ्या राहिलेल्या पोराच्या नाकात माझा धूर जातो, हे मला माहीत आहे. म्हणून तर म्हणतो, मोजा! डीझेल गाडीची पीयूसी म्हणजे इंजिन पुरतं रेस करून धुराचा काळेपणा मोजायचा असतो. एका केंद्रावर माझ्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढला, इंजिन बंदच होतं, आणि दोन मिनिटांत दाखला हातात पडला. धूर निघतच नव्हता, तो मर्यादेत असणारच! चार वर्षांची, पाइप फाटलेली गाडी असला दाखला काचेला लावून काळा धूर ओकत जाते, आणि चौदा वर्षांची, नीट ठेवलेली गाडी तिचं वय मोजून घेत उभी राहते. याला प्रदूषण नियंत्रण म्हणत नाहीत, वयोमर्यादा म्हणतात.

आमची बँकसुद्धा कर्जदाराची जन्मतारीख बघून खातं बुडीत धरत नाही. हप्ता ९० दिवसांवर थकला, तर ते साधारणपणे एनपीए. नियम कडक आहे, पण तो वागणुकीवर आहे. गाडीलाही तोच लावा. रिंगा गेल्या, दाब मोजून कमी भरला, ऑइल लिटरनं जळायला लागलं, तर मी स्वतः तिला मोडीत देईन आणि रजा टाकून निरोप द्यायला जाईन. पण आकडा दाखवा.

मिस्त्रीमंडळींना माझी विनंती एवढीच, की काट्याकडे बघण्याआधी गाडी चालवून बघा. मालकांना विनंती, की दहा रुपयांची एक वही गाडीत ठेवा. कधी, कुठे, थंड की गरम, धूर कोणता, एवढं लिहा. टाकी काठोकाठ भरून किलोमीटर टिपा आणि पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून भागाकार करा. ॲव्हरेज घसरलं की तीच पहिली नोटीस. सरकारला विनंती करायला माझा हुद्दा पुरत नाही, तरी करतो. आणि मेहुण्यांना विनंती करून उपयोग नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांना फक्त बजावतो : तिची जन्मतारीख माझ्यासमोर नाचवू नका. आधी बाटल्या लावा, मग बोला.